अलार्म ऑफ होतो तेव्हा

“बोरसे, सही कर ने. बात पूरी.”

वशीसाहेबांनी टाइप केलेला कागद टेबलावरून माझ्याकडे सरकवला. ते आमचे प्रोडक्शन मॅनेजर. कागदावर इंग्रजीत चारच वाक्यं होती. तीन नंबरचं मशीन व्यवस्थित होतं. ऑपरेटरला लेखी सूचना दिलेल्या होत्या. त्याने त्या पाळल्या नाहीत. त्यामुळे अपघात झाला. खाली सह्यांसाठी दोन जागा होत्या. एका जागी साहेबांची सही होती. दुसरी जागा माझी, मेंटेनन्सची.

ज्याच्याबद्दल हे लिहिलं होतं तो ऑपरेटर, झुलाल, टेबलापलीकडे उभा होता. डाव्या हाताला कोपरापासून बोटांपर्यंत बँडेज, मानेवर पिवळं मलम. त्याला इंग्रजी येत नव्हतं, पण माझ्या सहीनंतर आपली नोकरी जाणार हे त्याला समजलं होतं.

मी तेव्हा कडोदरा रोडवरच्या एका प्रोसेस हाउसमध्ये मेंटेनन्स इंजिनिअर होतो. प्रोसेस हाउस म्हणजे लूमवरून आलेलं कोरं कापड जिथे रंगवतात, छापतात ती मिल. पॉलिएस्टरला रंग सहजी चढत नाही. त्यासाठी पाणी उकळण्याच्याही पुढे, एकशे तीस डिग्रीपर्यंत न्यावं लागतं. हे काम जेट मशीन करतं. जेट म्हणजे आडवा ठेवलेला, खोलीएवढा प्रेशर कुकर समजा. आत कापड फिरतं, बाहेरून वाफ येऊन पाणी तापवते, झाकण जाड बोल्टांनी आवळलेलं असतं. घरच्या कुकरला जेवढं जपतो, त्याच्या शंभरपट याला जपावं लागतं.

चौऱ्याण्णव सालच्या प्लेगच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. प्लेगमध्ये गावाकडे गेलेले कितीतरी जुने ऑपरेटर परत आलेच नव्हते. त्यातच शेठने विलायतेहून तीन नवी जेट मशीनं आणली. माणसं नवी, मशीनंही नवी. मग वशीसाहेबांनी एक चांगलं काम केलं. मशीनबरोबर आलेल्या जाडजूड इंग्रजी मॅन्युअलमधलं सुरक्षेचं पान त्यांनी स्वतः बसून हिंदीत आणि गुजरातीत उतरवलं. पेंटरकडून तीन मोठे बोर्ड करून घेतले आणि प्रत्येक मशीनवर लावले. मिल बघायला कुणी आलं की साहेब आधी ते बोर्ड दाखवायचे. मलाही त्यांचं कौतुक होतं. आमच्या भागातल्या किती मिलमध्ये असे बोर्ड होते?

आणि तरीही आदल्या दिवशी दुपारी चार वाजता तीन नंबर उडालं होतं.

झालं असं. एकशे तीस डिग्री झाल्यावर वाफेचा ऑटोमॅटिक व्हॉल्व्ह आपोआप मिटायला हवा होता. तो मिटला नाही. एकशे पस्तीसला अलार्मचा भोंगा वाजला. अशा वेळी ऑपरेटरने हाताने फिरवायचा कॉक ताबडतोब बंद करून वाफ तोडायची असते. झुलाल कॉकजवळच होता. पण बघणाऱ्यांनी सांगितलं की तो नुसता भोंग्याकडे बघत उभा राहिला. आत दाब वाढत गेला. शेवटी सेफ्टी व्हॉल्व्ह सुटला. मरून रंगाचं उकळतं पाणी छताला आदळून पावसासारखं खाली आलं. बाकीचे पळाले. आणि तेव्हा त्या पाण्याखाली उभं राहून झुलालने कॉक फिरवला, पूर्ण बंद होईपर्यंत. हात त्यातच भाजला.

मला त्या कागदातली नेमकी हीच गोष्ट पटत नव्हती. जो माणूस अंगावर उकळतं पाणी पडत असताना कॉक सोडत नाही, तो त्याआधी दोन मिनिटं नुसता का उभा राहील?

“साहेब, आजचा दिवस द्या,” मी म्हणालो. “व्हॉल्व्ह उघडून बघायचाय.”

“एक दिवस मां शुं बदलाई जवानुं?”

“बघितल्याशिवाय मशीन ओके असं कसं लिहू?”

साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. “उद्या सकाळी मशीनच्या कंपनीचा इंग्रज इंजिनिअर येतोय. तो यायच्या आत मला सही पाहिजे. आणि याला सांग, घरी बस.”

झुलालला घेऊन मी कॅन्टीनला गेलो. तो शिरपूरकडचा, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठा. मी त्याला आप्पा म्हणायचो. माझ्याशी तो अहिराणी-मराठी मिसळूनच बोलायचा.

“आप्पा, खरं सांग. भोंगा वाजला तेव्हा कॉक का नाही फिरवला?”

त्याने चहाचा कप उजव्या हाताने उचलला आणि न पिता खाली ठेवला.

“बोरसेभाऊ, बोर्डवर लिखेल शे तसंच करं मी. अलार्म बंद व्हयना की स्टीम बंद करानी. मी वाट दखी ऱ्हायंतू. पण तो बंदच व्हयना नही.”

म्हणजे बोर्डवर लिहिलं होतं तसंच त्याने केलं होतं. अलार्म बंद झाला की वाफ बंद करायची. तो वाट बघत होता आणि अलार्म काही बंद होत नव्हता.

“आणि याआधी वाजला होता तेव्हा?”

“दोनदा वाजला होता. लगेच थांबला. थांबल्यावर मी कॉक फिरवला. कुणी काही बोललं नाही.”

मी तसाच उठलो आणि तीन नंबरवरचा बोर्ड वाचायला गेलो. रोज त्याच्याखालून जायचो. तिसरी ओळ अशी होती: ‘गरम करते समय अलार्म बंद हो जाए, तो तुरंत स्टीम का हैंड वाल्व बंद करें. ढक्कन न खोलें.’

हे तर बरोबर उलटं होतं. ही ओळ मी कितीतरी वेळा वाचली होती. म्हणजे खरं तर एकदाही वाचली नव्हती. जे लिहिलेलं असायला हवं ते डोक्यात धरून डोळे पुढे सरकत होते.

एक नंबरवर बलराम होता, ओडिशाचा. त्याला विचारलं, “भोंगा बजा तो क्या करते हो?”

“स्टीम काट देता हूँ, साहब.”

“बोर्ड पर क्या लिखा है?”

तो हसला. “मुझे पढ़ना कहाँ आता है?”

दोन नंबरच्या ऑपरेटरनेही तेच सांगितलं. ज्यांना वाचता येत नव्हतं ते अंदाजाने बरोबर वागत होते. झुलाल सातवी पास. डिपार्टमेंटमध्ये बोर्ड अक्षर न् अक्षर वाचणारा आणि तो मान्य करणारा तो एकटाच. आणि तोच भाजला होता.

मग व्हॉल्व्ह उघडला. आत वेल्डिंग करताना गळलेल्या लोखंडाचा एक मणी आणि गंजाचा पापुद्रा अडकलेला. म्हणून तो मिटत नव्हता. वाफेच्या लाइनवर असा कचरा अडवायला एक जाळी असते. नव्या लाइनमध्ये ती दर आठवड्याला काढून साफ करावी लागते. ती केली गेली नव्हती. ते काम माझ्या डिपार्टमेंटचं होतं.

म्हणजे मी त्या कागदावर सही केली असती तर साहेबांचा बोर्ड बचावला असता, माझी जाळीही बचावली असती, आणि सगळं झुलालच्या नावावर गेलं असतं. खोटं कशाला बोलू, पाच मिनिटं मी तो मणी हातात धरून नुसता बसून राहिलो होतो. मग तो प्लास्टिकच्या पिशवीत टाकला, पिशवीवर मशीनचा नंबर लिहिला आणि स्टोअरमधून मूळ मॅन्युअल मागवलं.

इंग्रजी वाक्य होतं, ‘इफ द अलार्म गोज ऑफ ड्युरिंग हीटिंग...’ अलार्म गोज ऑफ. मीही मराठी शाळेतला. डिप्लोमा धुळ्याला कसाबसा इंग्रजीतून केला. ऑफ म्हणजे बंद. लाइट ऑफ, फॅन ऑफ, मशीन ऑफ. वशीसाहेबांनी बरोबरच उतरवलं होतं की!

पण मॅन्युअलच्या मागे वायरिंगचा नकाशा होता. ती भाषा मला इंग्रजीपेक्षा चांगली येते. नकाशात स्पष्ट होतं की तापमान मर्यादेच्या वर गेलं की भोंग्याला करंट मिळतो. म्हणजे धोका असेल तेव्हा भोंगा वाजणार. भोंगा गप्प होणं हा धोक्याचा इशारा असेल असं त्या नकाशात कुठेच नव्हतं. मशीन बनवणारा माणूस नकाशात एक आणि पुस्तकात बरोबर उलटं लिहील का? नकाशा चुकीचा असणं शक्य नव्हतं. मग शब्दातच काहीतरी गडबड होती.

संध्याकाळी गोडादऱ्याला घरी आलो आणि चपला न काढताच शेजारच्या गायकवाडकाकांकडे गेलो. काका रेल्वेतून रिटायर झालेले. आयुष्य सिग्नलच्या ऑफिसात गेलेलं. त्यांच्याकडे बाबासाहेबांच्या फोटोखालच्या कपाटात एक जाडी इंग्रजी डिक्शनरी होती. आमच्या गल्लीतली पोरं नोकरीचे अर्ज त्यांच्याकडून तपासून घ्यायची.

“काका, ऑफ म्हणजे काय?”

“कशातला ऑफ?”

“ऑफ म्हणजे बंद ना?”

काकांनी चष्मा पुसला. “आमच्या रेल्वेत सिग्नल ऑन असेल तर गाडी थांबते आणि सिग्नल ऑफ केला तर गाडी जाते. मग सांग, ऑफ म्हणजे बंद की चालू?”

उत्तराची वाट न बघता त्यांनी डिक्शनरी काढली, पण ‘ऑफ’ उघडलं नाही. ‘गो’ उघडलं. “एकटा ऑफ बघून उपयोग नाही. त्याच्या मागे कोण उभं आहे ते बघायचं. वाच.”

‘गो’ या एवढ्याशा शब्दाची दोन पानं होती. ‘गो ऑफ’खाली बारीक अक्षरांत एकाखाली एक अर्थ दिले होते. बॉम्ब फुटणे. बंदूक सुटणे. भोंगा, घंटा, गजर वाजू लागणे. दूध नासणे. निघून जाणे. आणि सगळ्यात खाली, दिवा किंवा यंत्र बंद पडणे.

“म्हणजे दोन्ही?” मी विचारलं. “लाइट गोज ऑफ म्हणजे विझला, आणि अलार्म गोज ऑफ म्हणजे वाजला?”

“हो.”

“हे कसलं इंग्रजी?”

“त्यांना असं वाटत नाही,” काका म्हणाले. “तू म्हणतोस ना, दिवा लागला, भूक लागली, ठेच लागली, नोकरी लागली? चारही ‘लागली’ एकच आहेत का? कुणी बाहेरचा शिकायला आला तर तोही डोकं धरेल.”

ती ओळ मी वहीत उतरवून घेतली. निघताना काका म्हणाले, “साहेबाशी भांडू नकोस. दाखव.”

सकाळी आठला मी केबिनमध्ये गेलो. आधी प्लास्टिकची पिशवी टेबलावर ठेवली. “साहेब, व्हॉल्व्हमध्ये हे अडकलं होतं. जाळी साफ झाली नव्हती. ती चूक माझ्या डिपार्टमेंटची.”

वशीसाहेब चकित झाले. मेंटेनन्सवाला आपण होऊन चूक सांगतोय, हे त्यांच्या अनुभवात बसत नव्हतं. मग मी बोर्डाचं सांगितलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

“बोरसे, तू मने इंग्लिश शीखवाडे छे? मी इंग्लिश मीडियममध्ये शिकलोय. ऑफ म्हणजे बंद, हे पानवाल्यालासुद्धा माहीत आहे.”

मी वही पुढे केली. त्यांनी वाचली आणि परत केली. “आ तो बॉम्बनी वात छे. मशीनच्या पुस्तकात असली भाषा नसते.”

“मग इंग्रज इंजिनिअरलाच विचारू.”

“विचार. पण शेठ समोर असतील. मी खोटा ठरलो तर बोर्ड उतरवीन. तू खोटा ठरलास तर?”

“तर त्या कागदावर झुलालच्या खाली माझंही नाव लिहा.”

बोललो खरा, पण बाहेर आल्यावर भीती वाटली. माझं इंग्रजी म्हणजे स्पेअर पार्टच्या ऑर्डरपुरतं. प्रश्न विचारायला गेलो आणि उलटसुलट बोललो तर? ‘ऑफ म्हणजे बंद का’ असं विचारलं आणि तो यस म्हणाला तर खेळ खलास. काकांचं वाक्य आठवलं. विचारायचं नाही. करून घ्यायचं.

दहा वाजता शेठ, वशीसाहेब आणि तो इंग्रज तीन नंबरजवळ आले. जेम्स नाव, लाल चेहऱ्याचा, उंच, अर्ध्या बाह्यांचा शर्ट. मी झुलाललाही बोलावून घेतलं होतं. तो बँडेजचा हात छातीशी धरून खांबाजवळ उभा राहिला. जेम्सने मशीन बघितलं, पिशवीतला मणी बघितला, मान हलवली. मग मी पुढे झालो. सकाळपासून मनात घोकलेलं वाक्य म्हटलं.

“सर, प्लीज शो. अलार्म गोज ऑफ.”

त्याने माझ्याकडे बघितलं. “यू वॉन्ट इट टु गो ऑफ? नाऊ?”

“यस सर. नाऊ.”

पॅनेलवर भोंगा तपासायचं एक बटण असतं. त्याने शांतपणे ते दाबलं. भोंगा कानठळ्या बसतील असा बोंबलायला लागला. एक नंबरचे, दोन नंबरचे, पार फोल्डिंग खात्यातले लोकही वळून बघायला लागले. जेम्स त्या आवाजावर आवाज चढवून ओरडला, “देअर! इट्स गॉन ऑफ!”

मी वशीसाहेबांकडे बघितलं नाही. खरं म्हणजे बघायची हिंमत नव्हती.

जेम्सने दुसरं बटण दाबलं. भोंगा थांबला. मी विचारलं, “अँड नाऊ, सर?”

“नाऊ इट्स ऑफ.”

एवढं बोलून तो स्वतःच थबकला. कपाळाला आठ्या पडल्या. गॉन ऑफ म्हणजे वाजला, आणि ऑफ म्हणजे थांबला. स्वतःच्या भाषेतली ही गंमत बहुधा त्याला पहिल्यांदाच दिसली असावी. तो मोठ्याने हसला. मग मी त्याला बोर्डाकडे बोट करून, मोडक्यातोडक्या इंग्रजीत, तिथे काय लिहिलं आहे ते सांगितलं. त्याचं हसणं थांबलं. त्याने झुलालच्या हाताकडे बघितलं.

“ही डिड व्हॉट द बोर्ड सेड?”

“एक्झॅक्टली, सर,” मी म्हणालो. हा शब्द मला बरोबर येत होता.

शेठने फक्त एवढंच विचारलं, “वशी, आ बोर्ड कोणे लख्युं?”

वशीसाहेब पुढे झाले. मग म्हणाले, “में लख्युं, शेठ.”

त्यांनी आदल्या दिवशीचा कागद खिशातून काढून फाडला. दुपारी स्वतः नवा रिपोर्ट टाइप करून घेतला. अपघाताची कारणं दोन: वाफेची जाळी साफ नव्हती, आणि सुरक्षा बोर्डावरचं भाषांतर चुकीचं होतं. भाषांतर करणाऱ्याचं नाव म्हणून त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं. ऑपरेटरने वाफ बंद केल्यामुळे पुढचं नुकसान टळलं, असं शेवटचं वाक्य. मी त्याच्याखाली सही केली. अशी सही करायला फार बरं वाटतं. जेम्सने जाण्याआधी एका चिठ्ठीवर काहीतरी लिहून कंपनीला फॅक्स केलं. पुढच्या वर्षी आलेल्या मॅन्युअलमध्ये ते वाक्य बदललेलं होतं. ‘इफ द अलार्म साउंड्स.’ भोंगा वाजला तर. कडोदरा रोडच्या मिलमधल्या एका गोडादऱ्याच्या माणसाने विलायतेच्या पुस्तकातलं वाक्य बदललं, असं मी घरी सांगितलं तेव्हा बायकोने विचारलं होतं, “मग पुस्तकात तुमचं नाव कुठे आहे?” नाव नव्हतं. वाक्य होतं.

झुलालला पगारी रजा मिळाली. हात बरा व्हायला महिना लागला, करंगळी मात्र पूर्वीसारखी वळली नाही. तो परत यायच्या आत नवे बोर्ड तयार करायचं काम वशीसाहेबांनी माझ्यावर टाकलं. “तू जेवढं भांडलास तेवढं आता लिही,” म्हणाले. हिंदी, गुजराती, मराठी मी लिहिलं. उडिया बलरामच्या भावाने लिहून दिलं.

मराठीची ओळ मी अशी केली होती: ‘भोंगा वाजताच त्वरित वाफेचा कॉक बंद करावा.’ झुलाल कामावर आला, बोर्डासमोर उभा राहून त्याने ती मोठ्याने वाचली आणि म्हणाला, “बोरसेभाऊ, त्वरित कसाले? लगेच लिखा. आणि बंद करावा नही, बंद करा. करावा म्हटलं की माणूस विचार करतो.”

मी पेंटरला परत बोलावलं.

त्यानंतर एक पद्धत घालून घेतली. बोर्ड लावला की प्रत्येक ऑपरेटरला मशीनसमोर उभं करायचं, सांगितल्याशिवाय भोंगा वाजवायचा आणि त्याचा हात कुठे जातो ते बघायचं. समजलं का, असं विचारायचं नाही. समजलं का विचारलं की सगळे हो म्हणतात. मीही म्हणायचो. पहिल्या फेरीत तिघे चुकले. दुसऱ्या फेरीत एकही नाही. या फेऱ्या झुलालच घ्यायचा. वर्षभरात त्याला जेटचा जॉबर केला, म्हणजे ऑपरेटरांचा मुकादम. ती शिफारस वशीसाहेबांनी केली होती, मी नव्हे.

पुढे आमच्या आजूबाजूच्या चार-पाच मिलवाल्यांनी मला बोर्ड लिहायला बोलावलं. रिटायर होईपर्यंत कितीतरी लिहिले. त्यांतल्या एकातही ऑन किंवा ऑफ हा शब्द नाही. वाजतो, थांबतो, उघडा, मिटा, दूर उभे राहा. एवढ्या शब्दांत मिल चालते. आणि इंग्रजी कागद पुढे आला की मी अजूनही सोपे शब्दच आधी डिक्शनरीत बघतो. अवघड शब्द माणूस आपण होऊन कुणाला तरी विचारतो. सोपा शब्द कुणीच विचारत नाही.